भिंगकाकांची उलटापालट

रा, मो, पा, ठ.

चारच अक्षरं होती, पण काही केल्या जुळत नव्हती. भिंगकाका स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पेन्सिलीचं टोक त्यांच्यावरून पुन्हा पुन्हा फिरवत होते. सकाळचे सहा वाजले होते. गॅसवर दूध ठेवलेलं होतं. तीस वर्षांचा नेम असा, की दूध वर यायच्या आत वर्तमानपत्रातला ‘चकवा’ सुटला पाहिजे. पहिले तीन शब्द सुटले होते. चौथ्यापाशी गाडी रुतली ती रुतलीच.

‘चकवा’ म्हणजे शेवटच्या पानाच्या कोपऱ्यातली एक चौकट. त्यात चार शब्द, अक्षरं मागेपुढे करून टाकलेले. ते सरळ करायचे, त्यांतली गोलातली अक्षरं बाजूला काढायची, आणि त्या अक्षरांतून खालच्या कोड्याचं उत्तर जुळवायचं. उत्तर हटकून एखादी कोटी असायची. एकदा कोडं होतं, ‘लिहिता येते पण बाजारात चालत नाही, ती कोणती?’ गोलांतून वि, क, ता अशी अक्षरं निघाली. काकांनी ती क्षणभर पाहिली आणि टेबलावर थाप मारून ओरडले, “अगं, कविता! अक्षरं तीच, पण विकता येत नाही ती कविता!” त्या दिवशी दूध उतू गेलं आणि बायकोने दोन दिवस अबोला धरला होता.

त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. डोळे तपासायचे, नंबर काढायचा, काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, हे सगळं ते स्वतः करत. म्हणून सारा बाजार त्यांना भिंगकाका म्हणे. गिऱ्हाईक दुकानात पाऊल टाकून विचारी, “काका, माझा नंबर कधी?” तर काका म्हणत, “आधी काढतो, मग लागेल.” कोणाच्या हातून चष्मा पडून फुटला, की “अखेर तुमचं भिंग फुटलं म्हणायचं!” असं म्हणत ते हात पुढे करत. नवं गिऱ्हाईक बावरून बघायचं, जुनं कपाळाला हात लावायचं. आणि काका मात्र विनोद सांगायच्या आधीच हसायला लागलेले असायचे. ही त्यांची खोडच होती. कोटी सुचली की आधी खांदे हलायला लागत, मग डोळे बारीक होत, आणि शब्द सगळ्यांत शेवटी बाहेर पडत. बायको म्हणायची, “माझ्या नवऱ्याची अक्षरं जरा हलवली, काना इकडचा तिकडे केला, की काय होतं ते लग्नानंतर कळलं मला. वानर!” तिची ती एवढी एकच कोटी, पण काका ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत.

हे वेड त्यांना लावलं ताईने. ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणी ती जुन्या वर्तमानपत्रातली मोठी अक्षरं कात्रीने कापून काडेपेटीत भरायची, पेटी खुळखुळवायची आणि धाकट्या भावासमोर ओतायची. “लाव शब्द.” लागला तर ती पाठीवर थोपटायची, नाही लागला तर डोक्यात टपली. लग्न होऊन दूर गेल्यावर ती पोस्टकार्डं पाठवू लागली, तीही उलटीपालटी. ‘कुशल आहे’ एवढं वाचायला काकांना पाव तास लागायचा. पुढे फोन आले, आणि रोज सकाळी दहाच्या ठोक्याला ताईचा फोन दुकानात येऊ लागला. तिच्या गावातही तेच वर्तमानपत्र यायचं. कोणाला कोणता शब्द आधी सुटला याच्यावर दोघं म्हातारी पोरांसारखी भांडत. ताई आता सदुसष्ट वर्षांची होती आणि काका एकसष्ट.

आज मात्र रा, मो, पा, ठ. काकांनी अक्षरं कागदाच्या कडेवर वेगवेगळी लिहून पाहिली, गोलात मांडून पाहिली. एरवी अक्षरांकडे नुसतं पाहिलं तरी ती आपणहून सरकायची आणि शब्द समोर येऊन उभा राहायचा. आज ती दगडासारखी पडून होती.

काका घाबरले. कारण साधं होतं. त्यांच्या आईचे शब्द शेवटच्या वर्षांत असेच एकेक करून गेले होते. आधी अवघड गेले, मग सोपे गेले. शेवटी चमच्यालाही ती ‘ते’ म्हणायची आणि मुलालाही. ते दोघा भावंडांनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्याबद्दल दोघं एकमेकांशी कधी बोलली नव्हती.

दूध वर आलं. बायकोने गॅस बंद केला. “झालं का तुमचं?”

“झालं,” काका म्हणाले, आणि वर्तमानपत्र उलटं करून ठेवलं.

आंघोळ, नाश्ता, कपडे, सगळं नेहमीसारखं झालं. पायात चपला सरकवताना बायको दाराशी आली. खालच्या मजल्यावरच्या मुलांना न्यायला शाळेची गाडी आली होती आणि भोंगा वाजवत होती. बायको हळू आवाजात म्हणाली, “अहो, त्या खालच्या सुनेचं काही खरं नाही हो. सासूचा फार काच आहे म्हणे तिला.”

काकांचे खांदे हलले. “मग पाठव की दुकानात. काच बदलून देतो.”

“पुरे! जा आता,” असं म्हणून बायकोने दार लावलं. काका जिना उतरताना स्वतःशीच हसले. सकाळची भीती निम्मी तरी उतरली. कोटी सुचते आहे ना, मग डोकं शाबूत आहे.

साडेनऊला त्यांनी दुकान उघडलं. शेजारचं दुकान घड्याळजीचं. घड्याळजी म्हणजे काकांच्या कोट्यांचं हक्काचं गिऱ्हाईक. डोळ्यात भिंग अडकवून तो एक मनगटी घड्याळ उघडून बसला होता. वर न बघताच त्याने रोजचा प्रश्न टाकला, “काय काका, आज चकव्याने चकवलं की नाही?”

काकांना म्हणायचं होतं, एक शब्द अडला.

“एक बशद लडला,” ते म्हणाले.

घड्याळजी हसला. “लडला? कोणाशी लडला?”

काका थबकले. आपल्या तोंडून काय गेलं ते त्यांच्या कानांनी ऐकलं होतं. जीभ घसरली असेल. त्यांनी पुन्हा सरळ म्हणायचा प्रयत्न केला, आणि पुन्हा तसलंच काहीतरी बाहेर आलं, या खेपेला त्याहून विचित्र. घड्याळजी आता खदाखदा हसत होता. “वा! आज बोलायचा चकवा काय? मग मी पण. हचा सांगू का हचा?”

काकांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. ते आपल्या दुकानात शिरले आणि काउंटरमागच्या स्टुलावर बसले. बाटलीतलं पाणी प्याले. थोडं पाणी ओठांच्या उजव्या कडेने शर्टावर सांडलं. त्यांनी ते हाताने पुसलं आणि तसेच बसून राहिले. आपण रात्री नीट झोपलो नाही, पित्त झालं असेल, काहीतरी असेल, दहा मिनिटांत जाईल. तोंडातल्या तोंडात ते शब्द म्हणून पाहू लागले. फ्रेम. काच. स्क्रू. मनातसुद्धा ते शब्द धड राहत नव्हते. एक पकडावा तर दुसऱ्याचं शेपूट त्याला चिकटून येई.

तेवढ्यात एक शाळेच्या बाई आल्या. त्यांचा नवा चष्मा तयार होता, फक्त एकदा घालून, तक्त्यावरची अक्षरं वाचून खात्री करायची होती. बाई जुन्या गिऱ्हाईक, स्वतःच येऊन खुर्चीत बसल्या. काकांनी चष्मा काढला. एक स्क्रू सैल होता, तो आवळायला त्यांनी बारीक पेचकस उचलला, आणि तो बोटांतून निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. उजवा हात कोणा दुसऱ्याचा आणून लावल्यासारखा वाटत होता. स्क्रू घरंगळत काउंटरखाली गेला. काकांनी चष्मा तसाच बाईंच्या हातात दिला आणि समोरच्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं.

गेली तीस वर्षं ते दिवसातून वीस वेळा तेच वाक्य बोलत आले होते. खालची ओळ वाचा. झोपेतसुद्धा आलं असतं.

“चाखली ओळ चावा,” ते म्हणाले.

बाईंनी एक क्षण बघितलं आणि पोट धरून हसल्या. “काय हो काका! आधी चाखली, आता चावू? दात तपासायला घेतलेत की काय डोळ्यांबरोबर?”

काकांनी दोन्ही हात हलवले. नाही, नाही. पण ते ‘नाही’सुद्धा तोंडातून बाहेर पडेना. बाईंना वाटलं, ते आणखी नाटक करताहेत. त्या हसत हसत ओळ वाचून गेल्या, सगळी अक्षरं बरोबर आली, आणि चष्मा डोळ्यांवर तसाच ठेवून उठल्या. “छान दिसतंय. स्क्रूसाठी उद्या येते. आज काही तुमच्या हातून काम व्हायचं नाही, आज स्वारी भलतीच रंगात आहे.” दारातून बाहेर पडताना त्या घड्याळजीला म्हणाल्या, “ऐकलंत का? चाखली ओळ चावा!” आणि दोघांचं हसणं काकांना आत ऐकू आलं.

काकांनी तक्त्याकडे पाहिलं. अक्षरं दिसत होती. काळी, ठळक, डोळ्यांना काही झालं नव्हतं. पण एकाही अक्षराला आवाज नव्हता. वरचं सगळ्यांत मोठं अक्षर, जे आंधळ्यालासुद्धा चाचपून कळावं, ते काय म्हणतं हे त्यांना आठवेना. बाहेर माणसं चालली होती. समोर औषधांचं दुकान होतं, तिथे गर्दी होती. ओरडावं तर काय ओरडणार? तोंड उघडलं की लोक हसणार. आयुष्यभर लोकांना हसवलं होतं, आता त्यांना थांबवायचं कसं?

दहा वाजले. फोन वाजला.

ताई. काकांनी डाव्या हाताने मोबाइल कानाला लावला.

“काय रे, सुटले का चारही?” तिने नेहमीसारखी सुरुवात केली. “मला साडेसहालाच सुटले.”

काकांनी सगळा जोर लावला. तीन, तीन म्हणायचंय. “नीत.”

“नीत?” ताई क्षणभर थांबली. “तीन! अस्सं, आज उलटं बोलणं काय? मग अडला कुठला? पाठमोरा अडला असेल. अरे सोपा तर होता, रा मो पा ठ, पाठमोरा. म्हातारा झालास.”

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ही शेवटची आशा होती, आणि हीसुद्धा खेळतेय. घशातून एक घरघर निघाली. मग त्यांनी डोळे मिटले आणि फक्त एक शब्द, फक्त तीन अक्षरं, एकेक करून ओठांपर्यंत ढकलली.

“द… म… त.”

“दमत,” ताई म्हणाली. “दमत म्हणजे मदत. हे तर लहान पोरालाही सुटेल. पुढचं दे.”

काकांनी पुढचं काही दिलं नाही. तिच्या घरातला पंखा कुरकुरत होता, तो काकांना ऐकू येत होता. मग ताईचा आवाज आला, पण तो वेगळाच होता, फार बारीक.

“तू हसत का नाहीयेस?”

काकांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

“अरे, तू सांगायच्या आधी हसतोस. आज हसला नाहीस. मदत म्हणालास? मला मदत म्हणालास का तू? माझं नाव घे. ताई म्हण.”

“ईता,” काका म्हणाले, आणि हमसून हमसून रडायला लागले.

“ऐक,” ताई म्हणाली. तिचा श्वास जोरात चालला होता, पण शब्द एकेक करून नीट येत होते. “बोलू नकोस. ऊठ. शेजारी घड्याळजीकडे जा. फोन कानाला तसाच ठेव. मी बोलत राहते, तू चालत राहा. उठलास का? काउंटर धर. चल.”

काका उठले. उजवा पाय जमिनीला चिकटल्यासारखा झाला होता. काउंटरपासून दारापर्यंत पाच पावलं आणि तिथून घड्याळजीच्या फळीपर्यंत चार. रोज ते ती शीळ घालत जायचे. आज एकेक पाऊल टाकताना त्यांना वाटत होतं, की पुढचं काही आपल्याच्याने पडणार नाही. ताई कानात बोलत होती, “चल, बाळा, चल, अजून थोडं,” आणि काकांना त्या शब्दांचा अर्थ कधी कळत होता, कधी नुसता आवाज पोहोचत होता.

घड्याळजीने वर पाहिलं. “या या! हचा मागवलाय, बरं का…”

काकांच्या हातातून फोन सुटला आणि फळीवर आपटला. त्यातून ताई किंचाळत होती, “घड्याळजी! हसू नका! तो गंमत करत नाहीये! त्याच्या तोंडाकडे बघा! तोंडाकडे बघा!”

घड्याळजीने डोळ्यातलं भिंग काढलं आणि पाहिलं. काकांच्या तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. घड्याळजीचं हसू चेहऱ्यावरच गोठलं. पुढे कित्येक महिने तो म्हणायचा, “आधी दिसलंच कसं नाही हो मला? मी तर दिवसभर बारीक बघायचंच काम करतो.”

समोरच्या औषधवाल्याने आपली गाडी काढली. घड्याळजीने काकांना मागच्या सीटवर बसवलं, आणि त्यांच्याच फोनवरून बायकोला कळवलं. गाडी सिग्नलला थांबली, की काकांना वाटे आता इथेच संपलं. ते मनातल्या मनात बायकोचं नाव शोधत होते. चेहरा दिसत होता, कपाळ, केसांची पांढरी बट, सगळं. नाव मिळत नव्हतं. मग त्यांनी स्वतःचं नाव शोधलं. तेही नव्हतं. आपल्याला आपलं नाव माहीत नाही, ही गोष्टसुद्धा कोणाला सांगता येणार नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी डाव्या हाताने घड्याळजीचं मनगट इतकं आवळलं, की त्यावर दोन दिवस वळ होते.

हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा साडेदहा झाले होते. बायको पाच मिनिटांत धावत आली, पायात दोन वेगवेगळ्या चपला. एक तरुण डॉक्टरीणबाई काकांच्या डोळ्यांत बॅटरी मारत होती. मेंदूचा फोटो काढायला त्यांना न्यायची तयारी चालली होती.

“हे कधीपासून आहे?” तिने विचारलं.

“पावणेदहा,” घड्याळजी म्हणाला. “पावणेदहाला एक मिनिट कमी. मी भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ जुळवत होतो.” मग मान खाली घालून म्हणाला, “मला वाटलं, थट्टा करताहेत.”

“आणि त्याआधी अगदी ठीक होते? सकाळी उठल्यावर काही वेगळं जाणवलं का काकू? नीट आठवून सांगा. याच्यावर एक इंजेक्शन आहे, पण ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती असते.”

बायकोला सकाळचं टेबल आठवलं. टेबल पुसताना तिने वर्तमानपत्र सुलटं केलं होतं. चौथ्या शब्दाची जागा कोरी होती. तीस वर्षांत ती जागा कधी कोरी राहिली नव्हती, आणि तिने ‘राहिलं असेल’ म्हणून पेपर रद्दीत टाकला होता.

“सहा वाजता त्यांना एक शब्द सुटला नाही,” ती म्हणाली. “मला म्हणाले झालं, पण झालं नव्हतं.”

डॉक्टरीणबाईने घड्याळाकडे पाहिलं. सहा आणि साडेचार म्हणजे साडेदहा. ती वेळ होऊन गेली होती. खाटेवर पडलेल्या काकांना ते सगळं ऐकू येत होतं आणि जे ऐकू येत होतं त्यातलं बरंचसं कळतही होतं. तोंडात बोळा कोंबून कोणी त्यांना त्यांच्याच खटल्यात उभं केलं होतं. त्यांनी डाव्या हाताने चादर ओढली. नाही, नंतर मी बरा होतो, नंतर मी बोललो. कोणाला सांगणार?

“सहानंतर काही बोलले का? नीट, अर्थ लागेल असं? कोड्यात अडणं वेगळं आणि हे वेगळं. शेवटचं ते अगदी ठीक असल्याचं कधी पाहिलंत?”

“निघताना बोलले,” बायको म्हणाली. “दारात. मी म्हटलं, खालच्या सुनेला सासूचा फार काच आहे. तर म्हणाले, पाठव दुकानात, काच बदलून देतो.”

डॉक्टरीणबाईच्या कपाळाला आठी पडली. “म्हणजे? हे असंबद्ध नाही का?”

“असंबद्ध कसं?” बायकोचा आवाज एकदम चढला. आयुष्यभर जिने नवऱ्याच्या कोट्यांना नाक मुरडलं, ती आता खाटेचा दांडा धरून त्यातली एक फोड करून सांगत होती. “काच म्हणजे छळ, सासुरवास. आणि काच म्हणजे चष्म्याची काच. त्यांचं दुकान आहे ना चष्म्याचं! ती बदलून देतो म्हणाले. दोन्ही अर्थ लागतात, बघा की तुम्ही! डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला हे सुचेल का?”

“सुचणार नाही,” डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाली. “शब्द स्पष्ट होते? हसले होते?”

“आधीच हसले होते. नेहमी आधीच हसतात.”

“किती वाजता?”

“आठ चाळीस. शाळेची गाडी आली होती खाली. ती कधी चुकत नाही.”

डॉक्टरीणबाईने कागदावर काहीतरी लिहिलं आणि खाट ढकलणाऱ्याला म्हणाली, “चला, लवकर.”

फोटो निघाला. रक्तस्राव नव्हता, रक्ताची गाठ अडकली होती. अकराला दहा मिनिटं कमी असताना काकांच्या हाताच्या शिरेत सुई गेली. बायकोला एका कागदावर सही करायला सांगितली, आणि हे औषध कधीकधी उलटतं, हेही सांगितलं. तिने सही केली, ती स्वतःच्या नावाची आहे की नाही हे न बघता.

पुढचे काही तास काकांनी छताकडे बघत काढले. छताला चौकोनी फरशा होत्या. ते त्या मोजायला जात आणि चारच्या पुढे आकडे हरवत. दर पंधरा मिनिटांनी नर्स येई, हात उचला म्हणे, पाय उचला म्हणे, हे काय म्हणून पेन दाखवी. पेन त्यांना ठाऊक होतं. आयुष्यभर खिशाला लावलं होतं. पण तोंडातून येई तो नुसता फुत्कार. नर्स “असू दे, असू दे” म्हणून जाई, आणि त्या ‘असू दे’ची काकांना सगळ्यांत जास्त धास्ती वाटे. आईलाही सगळे असंच म्हणायचे.

दुपारी चारच्या सुमाराला त्यांना तहान लागली. बायको शेजारी बसली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि काही विचार करायच्या आत म्हणाले, “पाणी.”

बायको ताडकन उठली. “काय म्हणालात? परत म्हणा.”

“पा…णी.”

ती दारापर्यंत धावली, नर्सला घेऊन आली. नर्सने ऐकलं, हसली, आणि म्हणाली, “छान! पण गिळता येतंय की नाही ते तपासल्याशिवाय पाणी देता येणार नाही.” काकांनी डोळे मिटले. शब्द मिळाला होता, पाणी नाही. तरी चालेल, त्यांना वाटलं. पण लगेच दुसरी शंका आली. हा एकच परत आला असेल तर?

एकच आला नव्हता. रात्रीपर्यंत बायकोचं नाव आलं, दुसऱ्या दिवशी स्वतःचं आलं. आठवड्याने घरी सोडलं. हातात बरीच ताकद आली, तोंडाचा कोपरा जवळजवळ वर आला. सकाळचा तो अडलेला शब्द या दुखण्याची पहिली चाहूल होती, की नुसताच अवघड शब्द होता, असं बायकोने डॉक्टरीणबाईला विचारलं. ती म्हणाली, “खरं सांगायचं तर ते कोणालाच कळणार नाही.”

हे उत्तर काकांना छळू लागलं. रोज सकाळी जाग आली, की ते डोळे न उघडता आधी ओठ हलवून पाहत. फ्रेम, काच, स्क्रू, तक्ता. सगळे असले की मग उठत. वर्तमानपत्र मात्र त्यांनी बंद करायला लावलं. बोलण्याचा सराव घ्यायला एक बाई यायच्या, चित्रांची कार्डं घेऊन. शिडी, बादली, छत्री. काका निमूट सांगायचे, दहातले नऊ बरोबर. एके दिवशी त्या म्हणाल्या, “तुम्हाला शब्दकोडी आवडतात म्हणे. त्याने फार चांगला सराव होईल.” काकांनी ठाम नकार दिला. कोडं म्हणजे आता त्यांना परीक्षा वाटत होती, आणि नापास झालं तर काय होतं हे ते बघून आले होते.

मग ताई राहायला आली. येताना तिच्या पिशवीत वर्तमानपत्र होतं. तिने ते टेबलावर पसरलं, चष्मा चढवला आणि एकटीच सोडवायला बसली. काकांनी खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड केलं.

“बघू नकोस हं,” ताई म्हणाली. “तुला भीती वाटते, मला ठाऊक आहे. मलाही वाटते. फोनवर मी तुला म्हटलं, पुढचं दे. ते माझ्या कानात अजून आहे. रोज दहा वाजले की हात गार पडतात माझे.”

इतक्या वर्षांत ताई असं कधी बोलली नव्हती. काकांनी खुर्ची वळवली. तिसऱ्या शब्दावर ताईची पेन्सिल थांबली होती. ळ, ता, ब, रां. अक्षरं हलत नव्हती. हलत नव्हती. मग ब जरा सरकला.

“ता…” काका म्हणाले आणि थांबले. पुढचं उलटं निघालं तर? ताईने वर पाहिलं नाही, मदतही केली नाही. “तारांबळ,” काका म्हणाले.

“हं,” ताई म्हणाली आणि लिहिलं.

वर्तमानपत्र पुन्हा सुरू झालं. दोन महिन्यांनी दुकानही उघडलं, अर्धा दिवस. पण बाजार बदलला होता. काका काही वेगळं बोलले, की घड्याळजी आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचा, दोन्ही कोपरे सारखे आहेत ना ते, आणि मगच हसायचा. तोवर विनोद शिळा झालेला असायचा. शाळेच्या बाई तर काका बोलायला लागले की खुर्चीच्या कडेवर येऊन बसत. माणसं हसायला घाबरत होती, आणि काका हसवायला.

एकदा दुपारी जेवण झाल्यावर बायको औषधांचा डबा घेऊन आली. कालच्या खणात एक गोळी तशीच पडलेली होती. “अहो! डॉक्टरांनी बजावलंय ना, एकही गोळी चुकवायची नाही म्हणून?”

“गोळी चुकवली,” काका म्हणाले, “म्हणून तर वाचलो.”

बायकोचा हात थांबला. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, वेळ मनात टिपली आणि चपला शोधायला वळली. “परत म्हणा. सावकाश म्हणा. हात वर करा आधी, दोन्ही.”

त्या एका क्षणात काकांनाही खात्री वाटेना. आपण काय बोललो? बरोबर बोललो का? त्यांनी घाईघाईने स्वतःचंच वाक्य पुन्हा मनात फिरवून पाहिलं. औषधाची गोळी, हा एक अर्थ. चुकवणं म्हणजे विसरणं, आणि चुकवणं म्हणजे… हो, दुसराही होता. होता.

“अगं, बंदुकीची!” ते ओरडले. “बंदुकीची गोळी! विनोद होता तो!”

बायको एक चप्पल हातात घेऊन खुर्चीवर बसली.

“आधी सांगत जा,” ती म्हणाली, आणि पाण्याचा पेला पुढे केला.